एकच ठोका

४ नोव्हेंबर

लेकीने ही वही पाठवून दिली. म्हणे, "आई, तू फोनवर नुसतं हं-हं करतेस आणि पटकन बाबांच्या हातात देतेस. बोलायचं नसेल तर निदान लिहीत तरी जा." आता यात माझा काय दोष? लग्न झाल्यापासून ही मुलगी तोंडातल्या तोंडात बोलायला लागली आहे. लहानपणी हिने भोकाड पसरलं की तिसऱ्या गल्लीतली माणसं चौकशीला यायची.

तर लिहिते. मी पूल तपासणारी इंजिनिअर. निवृत्ती आता फार लांब नाही. घरी मी आणि नवरा. तो शाळेत भूगोल शिकवायचा, हल्ली फाटके नकाशे कापडावर चिकटवत बसतो आणि सगळ्या घराला खळीचा वास येतो. खिडकीतून नदी दिसते. थंडीत मात्र नदीच्या जागी नुसतं धुकं असतं आणि पलीकडचा दवाखाना कुणीतरी अर्धवट खोडल्यासारखा दिसतो.

घर अलीकडे फार शांत झालं आहे. भिंतीवरचं घड्याळ चालतं पण टिकटिक करत नाही. नवऱ्याने आतलं यंत्र बदललं असावं. खिडकीत चिमण्या येतात, दाणे टिपतात, चोची उघडतात, मिटतात आणि उडून जातात. पूर्वी नुसता कलकलाट करायच्या. त्याही शहाण्या झाल्या बहुतेक. सकाळी चहा घेऊन बसलं की पाण्याखाली बसल्यासारखं वाटतं, आणि मला ते आवडतं.

९ नोव्हेंबर

बेरीज आजपासून गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेला.

बेरीज म्हणजे माझा कामातला जोडीदार. कॉलेजात एका बाकावर होतो तेव्हाच ही नावं पडली. कुठल्याही गोष्टीत किती लोकांचा फायदा, किती लोकांचा तोटा, असा हिशेब मांडल्याशिवाय याला घास गिळवत नाही, म्हणून तो बेरीज. आणि मी एकदा रेघ मारली की कुणाचं ऐकत नाही, म्हणून मी रेघ. पुढे नोकरीही एकाच खात्यात लागली आणि आमची जोडी जमली.

आमच्या कामाला जोडीच लागते. जुन्या पुलांच्या सळ्या हातोड्याने वाजवून बघायच्या. चांगली सळी खणखणीत वाजते, आतून तडा गेलेली बद्द वाजते. मातीचं भांडं घेताना आपण टिचकी मारून बघतो, तसंच. पण वाजवणारा वेगळा आणि ऐकणारा वेगळा. ऐकणाऱ्याने सळीकडे पाठ करून उभं राहायचं. आम्हाला शिकवणारे थोरले साहेब म्हणायचे, "डोळे चुगलखोर असतात. गंज दिसला की ते कानाला आधीच सांगून ठेवतात." म्हणून बेरीज वाजवतो आणि मी पाठ करून ऐकते.

गेल्या काही वर्षांत त्याच्या हातातली सफाई मात्र गेली. एखाद्या सळीवर हातोडा दोनदा पडतो. मी चिडवते, "म्हातारा झालास." तो म्हणतो, "हो ना बाई, हात आवरत नाही." पण खरं सांगायचं तर दुसरा ठोका पडला की मला ती सळी नीट उमगते, आणि बहुतेक वेळा ती खराबच निघते. हल्लीच्या पोलादात पूर्वीची खणखण राहिलेलीच नाही. सगळंच मवाळ वाजतं, अगदी बारीक कान द्यावा लागतो.

१४ नोव्हेंबर

साहेबांनी बोलावलं. हे आमचे आताचे वरिष्ठ. वयाने माझ्यापेक्षा लहान, आवाज मात्र भारदस्त. त्यांच्याशी बोलायला बरं वाटतं, एकेक शब्द स्वच्छ येतो. म्हणाले, "नवीन भरतीच्या इंजिनिअरांपुढे तुम्ही दोघांनी नीतीवर बोलायचं. एरवी कॅन्टीनमध्ये भांडता ते व्यासपीठावर भांडा."

संध्याकाळी दवाखान्यात बेरजेला ही बातमी दिली. गुडघ्याला हे जाड बँडेज, तरी गडी उठून बसला.

"मी उपयुक्ततावाद घेतो. जास्तीत जास्त माणसांचं जास्तीत जास्त भलं. तू तुझा कर्तव्यवाद घे. परिणाम गेले खड्ड्यात, आम्ही आमची रेघ सोडणार नाही."

"असं नाहीये ते. परिणाम कुणाला दिसलेत? ते उद्या येणार. आज माझ्या हातात एवढंच आहे की जे मला खरं वाटत नाही त्यावर सही करायची नाही."

"आणि त्या सहीपायी माणसं बुडाली तर?"

"बेरीज करणारा कायम बेरजेच्या बाहेर उभा असतो, बघ. म्हणून त्याचं गणित सोपं असतं."

तो एरवी यावर काहीतरी टोला हाणतो. आज मात्र खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मी परत येईपर्यंत ऑफिसातलंच काम कर ना. थंडी फार आहे." ऑपरेशनने माणूस हळवा होतो.

१९ नोव्हेंबर

लिहू की नको? वही माझीच आहे, लिहिते. नवऱ्याला उतारवयात प्रेमाचं भरतं आलं आहे.

पूर्वी हा माणूस आतल्या खोलीतून ओरडून चष्मा मागायचा. आता उठून माझ्यापाशी येतो, खांद्यावर हात ठेवतो, समोर बसतो, डोळ्यांत बघतो आणि मग सांगतो की दूध संपलं. दूध संपल्याची बातमी कुणी अशी सांगतं का? जेवताना दिवा माझ्या बाजूला नाही, त्याच्या चेहऱ्यावर पडेल असा ठेवतो. नवीन लग्न झालं तेव्हा वर्तमानपत्राआडून बोलायचा, आणि आता ही तऱ्हा. मी काही म्हणत नाही. मागायला जावं तर मिळत नाही, आपणहून आलेलं का नाकारायचं?

आज किटली उतू जाऊन शेगडी विझली. तिची शिट्टी बिघडली आहे. तो कुठूनसा धावत आला, शेगडी बंद केली आणि खांद्यावर हात ठेवून हसला. मी चक्क लाजले.

२४ नोव्हेंबर

आज पुलावरून आल्या आल्या लिहायला बसले.

यंदा नदीवरचा झुलता पूल आमच्याकडे आला. एवढी वर्षं दुसरी जोडी तो बघायची. मी हातोड्याचं काम शिकले ते याच पुलावर. वर जाड दोर, दोरापासून खाली लोंबणाऱ्या सळ्या, आणि त्या सळ्यांनी तोलून धरलेली पायवाट. अलीकडे वस्ती, पलीकडे दवाखाना. निम्मं गाव रोज यावरून चालत जातं. त्या सळ्यांचा आवाज माझ्या मनात जशाचा तसा आहे. आईचा आवाज असतो ना, तसा.

बेरजेच्या जागी आखणी विभागातली एक बाई दिली आहे. जाड भिंगांचा चष्मा, म्हणून मी तिला चष्मेवाली म्हणते. हीसुद्धा तोंडातल्या तोंडात बोलणाऱ्यांपैकीच. पण हात नेमका. एका सळीवर एकच ठोका.

धुकं इतकं होतं की पुलाचं दुसरं टोक दिसत नव्हतं. मी पाठ केली. पहिला ठोका पडला: बद्द. मी तशी खूण केली. दुसरी सळीही बद्द. तिसरी, चौथी, तीच गत. मी एकीकडून दुसरीकडे चालत राहिले आणि माझ्या मागे एकामागून एक सगळा पूल बद्द वाजत राहिला. नव्या पोलादाचं मी समजू शकते. पण हे माझं जुनं पोलाद! हे असं कधीच वाजत नव्हतं.

चष्मेवाली काहीतरी म्हणाली. मी दोनदा विचारल्यावर कळलं, "मला तर ठीक वाटतंय." तिला कसं कळणार? तिने तो आवाज तेव्हा ऐकलेलाच नाही.

२५ नोव्हेंबर

साहेबांच्या टेबलापुढे दुपार गेली.

"एकाच वेळी सगळ्या सळ्या कशा जातील? रंगाचे थर बसलेत, त्याने आवाज दबला असेल."

"कारण काहीही असेल. पण मला ठाऊक नाही. आणि ठाऊक नसताना पूल सुरक्षित आहे असं मी लिहिणार नाही."

"सळीच्या आत बघणारं मशीन मागवतो. यायला वेळ लागेल. तोवर चालू ठेवू, गर्दी कमी करू."

"तोवर पडला तर?"

ते उठून खिडकीशी गेले आणि मग वळून माझ्याकडे बघत म्हणाले, "बाई, पूल बंद केला की लोक घरी बसणार नाहीत. दवाखान्यात जायचंच आहे त्यांना. होडीने जातील. धुक्यात, या धारेत. पुलाची भीती तुमच्या कानात आहे, होडीची भीती मला समोर दिसतेय. हिशेब करा."

बेरीज असता तर हेच म्हणाला असता. पण सही करायला पेन उचललं की ती बद्द वाजत जाणारी रांग ऐकू यायची. मी म्हटलं, "हिशेबात माझं डोकं चालत नाही, साहेब. मला जे खोटं वाटतं ते मी खरं म्हणून देणार नाही."

संध्याकाळी पुलाच्या दोन्ही तोंडांना आडवे बांबू बांधले. चुकलं नाही असं वाटतं. पण बरंही वाटत नाही.

२९ नोव्हेंबर

स्वप्न पडलं. मी झुलत्या पुलावर तरुण आहे. थोरले साहेब हातोडा घेऊन पुढे चालले आहेत आणि प्रत्येक सळी वेगळ्या सुरात गाते आहे. पाण्यात मासे थांबून ऐकताहेत. मी म्हणते, "साहेब, हळू, सगळं ऐकू दे." ते वळून काहीतरी सांगतात. ओठ हलतात, शब्द येत नाही, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. जागी झाले तेव्हा खिडकीत पांढरं धुकं होतं, आणि अजून स्वप्नातच आहोत असं खूप वेळ वाटत राहिलं.

खाली काठावर होड्या लागल्या आहेत. माणसं उकिडवी बसून नदी ओलांडतात. धुक्यात होडी शिरली की आधी माणसांचे पाय पुसले जातात, मग कमरा, शेवटी छत्र्या आणि डोकी. होडीवाले मला नमस्कार करतात, त्यांचं चांगलं चाललं आहे. मी मान खाली घालून जाते.

३ डिसेंबर

आज सकाळी होडी पुलाच्या खांबावर आपटली.

सगळे वाचले. सगळे वाचले, असं साहेबांनी दोनदा सांगितलं. दवाखान्यात कामावर निघालेल्या एका नर्सचा पाय होडी आणि खांब यांच्यामध्ये चिरडला. पाय राहील, पण पहिल्यासारखी चालणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. तरुण आहे. वॉर्डातून दिवसभर धावायचं काम तिचं.

मी स्वतःला समजावते की पूल पडला असता तर किती गेले असते. मग लक्षात येतं की मीसुद्धा बेरीजच करते आहे. माझी रेघ मला पुरत नाही, म्हणून त्याचं गणित उसनं घेतलं.

नवऱ्याने रात्रीचं जेवण केलं. मग समोर बसून राहिला.

९ डिसेंबर

मशीन आलं. सळ्यांना चिकटवून पडद्यावर बघायचं. चष्मेवाली आणि मशीनवाला दिवसभर पुलावर होते. सगळ्या सळ्या निर्दोष. एकीतही तडा नाही.

साहेब म्हणाले, "रंगाचा थर असणार. झालं गेलं, खबरदारी घेतली एवढंच." त्यांनी मला वाचवायचा प्रयत्न केला, ते कळत होतं. पण ठोका कसा घेतात ते मला माहीत आहे. आपण आधी रंग खरवडतो. त्या दिवशीही खरवडला होता.

मग मी काय ऐकलं?

१२ डिसेंबर

बेरीज काठी टेकत कामावर आला. मी त्याला सरळ पुलावर घेऊन गेले. बांबू उद्या काढणार होते, म्हणून पूल रिकामा होता. "मशीन काही म्हणू दे, तू वाजव. तुझ्या हाताने मला ऐकायचं आहे."

"जाऊ दे ना आता, रेघ."

"वाजव."

मी पाठ केली. माझ्यासमोर अलीकडचा काठ होता. धुकं विरत होतं, उन्हात एक कुत्रं अंगाचं वेटोळं करून झोपलं होतं. वरच्या दोरावर कबुतरं बसली होती.

ठोका पडला. बद्द. आणि कबुतरं भर्रकन उडाली.

मला वाटलं, दोर हलला असेल. दुसरा ठोका. बद्द. लांब काठावरच्या कुत्र्याने मान वर केली. तिसरा ठोका. कुत्र्याने कान टवकारले, उभं राहिलं, आमच्याकडे बघत भुंकायला लागलं. त्याचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. चिमण्यांसारखं.

मी तशीच उभी राहिले. घड्याळ आठवलं, किटली आठवली, लेकीचं बोलणं आठवलं. एवढ्या लांबच्या कुत्र्याला पोचत होतं ते माझ्या पाठीशी असून मला पोचत नव्हतं. खणखणीत वाजत होता पूल. तो पहिल्यापासून तसाच वाजत होता.

वळले तर बेरीज पायवाटेवर बसला होता, काठी बाजूला पडलेली.

"तुला ठाऊक होतं."

त्याने होकारार्थी मान हलवली.

"म्हणून दोनदा मारायचास. खराब असेल तिथे."

"बेरीज बरोबर येत होती ना?" तो माझ्याकडे तोंड करून, सावकाश बोलत होता, आणि तो माझ्याशी किती दिवसांपासून असाच बोलतो हे मला आत्ता दिसलं. "एकही पूल चुकला नाही आपला. मी बोललो असतो तर तुला टेबलावर बसवून कागद सरकवायला लावले असते. लोखंड तुझ्याइतकं कुणाला कळतं? माझे कान, तुझं डोकं. कुणाचं नुकसान झालं, सांग."

"तू रजेवर गेलास तेव्हा?"

"ते हिशेबात धरलं नव्हतं," तो म्हणाला. "मी दवाखान्यात असेन तोवर तुला ऑफिसात ठेवतील असं वाटलं. सांगायचं रोज ठरवायचो. मग वाटायचं, आणखी दोनच वर्षं तर काढायची आहेत."

मला त्याचा इतका राग आला की हातोडा नदीत फेकावासा वाटला. आणि त्याच वेळी असंही वाटलं की आयुष्यात माझ्यासाठी एवढं कुणी केलं नाही. दोन्ही खरं आहे. दर वर्षी आम्ही हातोड्याचं वजन करतो, मोजपट्ट्या तपासून घेतो. ऐकणाऱ्याचा कान तपासावा हे कुणाच्या, माझ्यासुद्धा, मनात आलं नाही. रेघ मी सरळच मारली होती. पट्टीच वाकडी होती.

१३ डिसेंबर

नवऱ्याला विचारलं, "तुम्हालाही ठाऊक होतं?"

"बरेच दिवस."

"मग बोलला का नाहीत?"

"दोनदा बोललो. तू म्हणालीस, तुमचंच बोलणं अस्पष्ट झालंय, कवळी बदला. मग म्हटलं, आपणच जवळ जाऊन बोलावं."

म्हणजे तो खांद्यावरचा हात, तो समोर ठेवलेला दिवा. मी काय समजले होते! खूप रडले. हसलेही. मग कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. बारीक, उंच आवाज माझ्यासाठी केव्हाच गेले आहेत. कानात घालायचं यंत्र मिळेल, थोडं परत येईल, सगळं नाही.

१६ डिसेंबर

नर्सला भेटायला पलीकडे गेले. पूल सुरू झाला आहे, चालत गेले. ती खिडकीपाशी होती, पाय उंच टांगलेला. मी कोण ते सांगितलं. पूल बंद करणारी. तिने रागावल्यासारखं काहीच केलं नाही. उलट जरा सावरून बसली आणि विचारलं, "पूल खरंच पडला असता का हो?"

मला ते ओठांवरून स्वच्छ कळलं. तिला काय हवं आहे तेही कळलं. 'हो' म्हटलं असतं तर तिच्या पायाला काहीतरी अर्थ आला असता. माझं एक 'हो', आणि कुणाचंही नुकसान नाही. बेरजेने तेच सांगितलं असतं.

मी कानाला हात लावला, ऐकू आलं नाही अशी मान हलवली आणि खिडकीबाहेर बघितलं. तिने पुन्हा विचारलं नाही. जन्मात पहिल्यांदा मी बहिरेपणाचं सोंग आणलं, तेही खरी बहिरी असताना.

१८ डिसेंबर

बेरजेला सांगितलं की मी साहेबांपुढे सगळं बोलणार आहे. तो म्हणाला, "फक्त तुझं बोललीस तर आपण पास केलेले सगळे पूल संशयात येतील. तेही बंद करतील. मग पुन्हा होड्या."

"आणि तुझं बोलले तर?"

"पूल वाचतील. मी बुडेन."

कसं आहे बघा. त्याचं गणित त्यालाच खाली ओढतंय, आणि माझी रेघ माझ्याच मित्राच्या अंगावरून जाते आहे. आजवर कॅन्टीनमध्ये आम्ही उगाच भांडलो. दोघांपैकी कुणालाच त्याची किंमत ठाऊक नव्हती. मी म्हटलं, "माझं मी सांगेन. तुझं तू ठरव. तुझ्या वाटणीचा मी एक शब्द बोलणार नाही." तो काठी टेकत निघून गेला. त्याने नंतर फोनही केला नाही. अर्थात, मला फोन करून काय उपयोग म्हणा.

२० डिसेंबर

व्याख्यान झालं.

हॉलमध्ये सगळी नवी पोरंपोरी, पुढच्या रांगेत साहेब आणि चष्मेवाली. कोवळं ऊन खिडकीतून आत आलं होतं आणि त्यात धूळ तरंगत होती. आधी बेरीज बोलला. उपयुक्ततावाद झकास मांडला त्याने. पूल दहा लोकांसाठी बांधायचा की हजारांसाठी, मग धोका किती पत्करायचा, हिशेबाशिवाय इंजिनिअर म्हणजे नुसता कवी. पोरं हसली. हे मला दिसलं.

मग मी उठले. टेबलावर दोन सळ्या टांगून घेतल्या होत्या, एक चांगली आणि एक तडा गेलेली. मी म्हटलं, "कर्तव्यवाद सांगतो की परिणामाकडे बघून खरं-खोटं ठरवू नका. जे तुम्हाला खरं वाटतं तेच लिहा. मी आयुष्यभर तेवढंच केलं. पण त्याच्या आधीचं एक कर्तव्य माझ्याकडून राहिलं. आपल्याला जे खरं वाटतं ते कशाच्या जोरावर वाटतं, ते तपासायचं. हा आता वाजवेल. कुठली चांगली ते मी सांगेन."

बेरजेच्या हातात हातोडा दिला. तो पांढरा पडला होता. मी सळ्यांकडे पाठ केली.

पहिला ठोका पडला. मऊ, गोल, लांबून आल्यासारखा. मग थोडा वेळ काहीच नाही. मग दुसऱ्या सळीवरचा ठोका. तसाच. मी वाट बघितली. माझी पाठ त्याच्या हाताची वाट बघत होती. हीच जर खराब असेल, तर अजून एक ठोका येईल आणि मला कळेल, मी बोट वर करीन, टाळ्या पडतील आणि आम्ही दोघं घरी जाऊ.

आला नाही. त्याने एकच मारला होता.

"मला कळलं नाही," मी म्हटलं. "मला ऐकू येत नाही. झुलता पूल मी या कानांच्या जोरावर बंद केला, आणि तो चांगला होता."

वळले तेव्हा बेरीज हातोडा खाली ठेवून साहेबांकडे बघत बोलत होता. त्याचा चेहरा मला बाजूने दिसत होता, त्यामुळे सगळं कळलं नाही. पण 'दोनदा' हा शब्द कळला. तो त्याने बराच वेळ, पुन्हा पुन्हा उच्चारला. हॉलमधलं कुणी हलत नव्हतं. माझे डोळे भरून आले, आणि त्यानंतर तर काहीच दिसेना.

२३ डिसेंबर

चौकशी बसली. आम्ही दोघंही तपासणीतून बाहेर. बेरजेचे कान त्यांनी तपासून घेतले, पक्के आहेत. म्हणून जुने पूल बंद न करता दुसरी जोडी पुन्हा बघणार. यापुढे ऐकणाऱ्याचे कान दर वर्षी तपासायचे, असंही ठरलं. बेरजेचं पुढे काय होईल ते ठाऊक नाही. कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसला आणि म्हणाला, "बेरीज चुकली." मी म्हटलं, "रेघही वाकडीच निघाली." मग दोघांनी चहा घेतला.

दुपारी नर्सकडे गेले. यंत्र अजून मिळालेलं नाही, म्हणून पलंगाच्या अगदी जवळ बसले.

"तुम्ही त्या दिवशी विचारलं होतं. मला कळलं होतं, मी सोंग केलं. पूल पडला नसता. तो चांगला होता. माझे कान खराब होते, आणि मी ते कधी तपासले नाहीत."

तिने विचारलं, "मग मी होडीत कशासाठी बसले?"

"माझ्यामुळे."

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. तिच्या गालाची हालचाल दिसली, म्हणजे ती काहीतरी बोलली. पूर्वीची मी असते तर हं-हं केलं असतं आणि उठले असते. मी म्हटलं, "सिस्टर, मला ऐकू येत नाही. इकडे वळून सांगाल का?"

ती वळली. डोळे कोरडे होते. "पुन्हा येऊ नका," ती म्हणाली. एकेक शब्द स्वच्छ कळला.

बाहेर नवरा थांबला होता. पुलावर आलो तेव्हा पुन्हा धुकं उतरलं होतं आणि दोन्ही काठ नव्हतेच. नुसती पायवाट, सळ्या आणि आम्ही. मी थांबून म्हटलं, "तुम्ही मागे राहा. मी पाठ करून चालते. मला हाक मारा. ऐकू येतं की नाही ते मला कळू दे. आलं नाही तरच हात लावा."

मी चालत राहिले. पायाखाली पूल हळूच वरखाली होत होता. सळ्यांच्या मधून धुकं जात होतं. मी जीव कानात आणून ऐकलं. काही नाही. पाण्याखालची ती शांतता, जी मला इतके दिवस आवडत होती. मग खांद्यावर हात आला.

"किती वेळा हाक मारलीत?" मी विचारलं.

तो पुढे येऊन माझ्यासमोर उभा राहिला. "एकदाच," म्हणाला.